लाल ठिपक्याचे भुंगेरे

(जूनमधली संध्याकाळ. शिरोळहून कोल्हापूरला निघालेली गाडी त्रिशला चालवते आहे. ती कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते; मुलगा धवल बंगळूरला असल्यानं घरात त्याची खोली रिकामी आहे. शेजारी तिचे वडील, अप्पा. मागच्या सीटवर तिच्या भावाची, अभिनंदनची, मुलगी प्रियदर्शनी, घरात सगळे तिला दर्शनी म्हणतात. ती यंदा बारावी झाली.)

त्रिशला : आणि कपाटाचे वरचे खण तुझे. खाली धवलची पुस्तकं आहेत, तो दिवाळीला बंगळूरहून आला की त्याच्याच गळ्यात घालते. टेबल खिडकीशी लावलंय. खोलीला रंगसुद्धा दिला, फिकट हिरवा.

दर्शनी : एवढं कशाला केलंस, आत्ती?

त्रिशला : पाच वर्षं राहायचंय तुला. त्या क्रिकेटवाल्यांच्या फोटोंकडं बघत रसायनशास्त्र शिकणार होतीस?

अप्पा : गाडी का थांबली?

त्रिशला : पुढं रस्त्याचं काम आहे, अप्पा. एका बाजूनं सोडतायत.

अप्पा : दिवस कितीवर हाय?

दर्शनी : वर आहे अजून. तासभर तरी मावळत नाही.

अप्पा : मला समदं धुरकट दिसतंय म्हणून इचारलं. उद्या डोळा कापला की मग कुणाला इचारणार न्हाय. डबा घेतलाय न्हवं?

दर्शनी : माझ्या मांडीवर आहे.

त्रिशला : मोतीबिंदू काढतात, अप्पा. डोळा कापत नाहीत.

अप्पा : काढाय कापायला लागतंच की.

त्रिशला : दर्शनी, पुण्याची सीट सोडलीस का?

दर्शनी : नाही अजून.

त्रिशला : आज शेवटचा दिवस आहे.

दर्शनी : रात्रीपर्यंत वेळ आहे. घरी गेलो की सोडतो.

त्रिशला : 'गेलो, सोडतो.' बरं झालं कोल्हापुरातच राहतेस. पुण्यात तुला मुलांच्या हॉस्टेलला पाठवलं असतं.

दर्शनी : तू पण चिडलीस की 'मी येतो' म्हणतीस.

त्रिशला : मी चिडत नाही.

अप्पा : हे मातूर खोटं हाय.

त्रिशला : तुम्ही नातीच्याच बाजूचे.

अप्पा : मी कुठल्या बाजूचा ते मलाच अजून कळंना. दर्शनी, पुण्याच्या इद्यापीठात काय शिकिवणार हुते तुला?

दर्शनी : सांगितलं की, अप्पा. जीवशास्त्र.

अप्पा : म्हंजे डॉक्टरकी?

दर्शनी : नाही. झाडं, प्राणी, किडे. तिथं एक बाई आहेत, त्या मातीतल्या किड्यांवर काम करतात. हुमणीवर पण केलंय त्यांनी.

अप्पा : आपल्या उसातल्या हुमणीवर?

दर्शनी : तीच. मुळं खाणारी.

अप्पा : आणि कोल्हापुरात?

त्रिशला : रसायनशास्त्र. एम.एस्सी.पर्यंत सलग. अप्पा, यात विचार करण्यासारखं काही नाही. रसायनात हाताला काम मिळतं. साखर कारखान्याची लॅब आहे, औषधांच्या कंपन्या आहेत, नाहीतर माझ्यासारखं शिकवायचं. किड्यांवर पीएच.डी. केलेला माणूस काय करतो? दुसरी पीएच.डी. शोधत फिरतो.

अप्पा : मी तुला न्हाय इचारलं. पोरीला इचारलं.

दर्शनी : रसायन बरं आहे, अप्पा.

अप्पा : 'बरं हाय' असं दोडक्याच्या भाजीला म्हणत्यात.

त्रिशला : झालं. आता बिचारीला गोंधळात टाका. हे बघ, यादी लागल्यावर मी तुला घरी शंभरदा विचारलं होतं. दोन्ही विद्यापीठांत नंबर लागलाय, तुला काय हवंय? तू म्हणालीस, केमिस्ट्री. मी ढकललं का तुला?

दर्शनी : नाही ढकललंस.

त्रिशला : मग?

दर्शनी : मग काही नाही. पुण्याच्या बाईंना मी फोन केलता. एवढंच.

त्रिशला : कधी?

दर्शनी : गेल्या आठवड्यात. नंबर त्यांच्या विभागाच्या पानावर होता.

त्रिशला : ओळख नाही, देख नाही, सरळ फोन? काय विचारलंस?

दर्शनी : किडे मारल्याशिवाय हा विषय शिकता येतो का.

त्रिशला : काय?

अप्पा : म्होरं बग, त्रिशला. सोडली गाडी.

त्रिशला : बघते आहे. काय म्हणाल्या त्या? हसल्या असतील.

दर्शनी : मलाही वाटलं हसतील. नाही हसल्या. म्हणाल्या, कापाकापी आता नसते. किड्यांचा संग्रह असतो नंतर, टाचणी टोचून पेटीत लावायचा. कुणाची हरकत असेल तर त्याच्या जागी फोटो आणि शेतातल्या नोंदी चालतात. त्यांच्याकडं आधी एक मुलगी होती तशी.

त्रिशला : मग अडचण काय?

दर्शनी : पुढचं ऐक की. म्हणाल्या, तुला खोटं सांगत नाही. फुलपाखरं मोजत बसायचं असेल तर तुझं निभेल. पण तू हुमणीचं विचारतेस. पिकावरच्या किडीवर काम करायचं तर कधीतरी मारावं लागेल, नाहीतर कसं मारायचं ते दुसऱ्याला सांगावं लागेल. ते झेपणार नसेल तर आत्ताच ठरव.

त्रिशला : आणि तू ठरवलंस.

दर्शनी : हो.

त्रिशला : म्हणजे केमिस्ट्रीत काही मारावं लागत नाही, म्हणून केमिस्ट्री.

दर्शनी : तसं नाही. आवडते मला.

त्रिशला : किती?

दर्शनी : आता कसं सांगू, आत्ती?

त्रिशला : दोडक्याएवढी.

अप्पा : तिच्यावर डाफरू नको. पोरीनं नियम घेतलाय.

त्रिशला : माहीत आहे मला. बाहुबली तीर्थावर, मुनिमहाराजांसमोर. तेव्हा प्राथमिक शाळेत होती ती, अप्पा. बाकीच्या पोरांनी चार महिने चॉकलेट सोडलं, गोळ्या सोडल्या. ही उभी राहिली आणि म्हणाली, चालता-फिरता जीव जाणूनबुजून मारणार नाही. महाराजांनी विचारलं, किती दिवस? तर म्हणे, कायमचं.

अप्पा : दोनदा इचारलं त्यांनी. मीबी म्हटलं, बाळ, चातुर्मासापुरता घे. ऐकली न्हाय.

त्रिशला : तुमच्यामुळंच घेतला तिनं.

अप्पा : माज्यामुळं न्हाय. भुंग्यामुळं.

त्रिशला : कसल्या भुंग्यामुळं?

अप्पा : तुला ठावं न्हाय व्हय? दर्शनी, सांगितलं न्हाईस?

दर्शनी : नको अप्पा. आत्ती ओरडेल.

त्रिशला : आता तर सांगच.

दर्शनी : वळीव झाला की हुमणीचे भुंगेरे वर येतात ना. अंधार पडताना बाभळीवर, कडुलिंबावर बसतात. गावात सगळे फांद्या हलवून खाली पाडतात आणि रॉकेल घातलेल्या बादलीत टाकतात. अप्पा तसं करत नव्हते. अप्पा घागरीत गोळा करायचे, वर फडकं बांधायचे आणि ओढ्याच्या पलीकडं बाभळीवर सोडून यायचे.

त्रिशला : हे माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. जिनपाल अप्पा किड्यांची वरात काढतात म्हणायचे.

अप्पा : म्हणू देत की.

दर्शनी : त्या वर्षी मी पण जायचो अप्पांच्या संगं. मला वाटलं, हे परत येत असतील तर? कसं कळणार? सगळे सारखेच दिसतात. म्हणून मी त्यांच्या पाठीवर ठिपका दिला. लाल.

त्रिशला : कशानं?

दर्शनी : नेलपॉलिशनं.

त्रिशला : थांब. तू तेव्हा माझ्याकडं सुट्टीला आली होतीस. माझी नवी बाटली होती. मी मोलकरणीला विचारलं होतं, दर्शनी. दोनदा विचारलं होतं बिचाऱ्या बायडाबाईला.

दर्शनी : म्हणूनच सांगितलं नव्हतं.

अप्पा : लई भारी रंग हुता पर. पाण्यानंबी जाईना.

त्रिशला : तुम्हाला ठाऊक होतं?

अप्पा : घागर मीच धरलीवती. ही येक-येक काढायची, ठिपका द्यायची, फुंकर मारायची आणि दुसऱ्या घागरीत टाकायची. माजी पाठ मोडली.

त्रिशला : आणि आले का परत?

दर्शनी : आपल्या झाडावर थोडेच आले. बाकीचे कुठं गेले ते उदयसिंह काकांनी सांगितलं.

अप्पा : फटफटीवर आला, दारात उभा ऱ्हायला आणि तळहात म्होरं केला. त्यात भुंगा, पाठीवर लाल ठिपका. म्हणतोय कसा, अप्पा, तुमच्या नातीनं कुंकू लावून धाडलेलं पावणं आमच्या उसात उतरल्यात. त्यांचं जेवणखाण आमीच बगायचं का?

त्रिशला : अरे देवा.

अप्पा : ओढ्याच्या पल्ल्याड त्याचाच ऊस की. बाभळीवर पाला खायचं आणि त्याच्या सरीत अंडी घालायचं. दोन-तीन वर्षं त्याचा ऊस वाळत हुता, तो म्हणायचा जमीन बिगाडली. मला कुठं ठावं? मी आपला रोज घागर घेऊन चाललोय, जीव वाचिवला म्हणून.

त्रिशला : मग काय केलंत?

अप्पा : काय करणार? भुंगं उचलायचं सोडलं. आता हंगाम सपला की नांगरून रान उघडं टाकतो. बगळं येऊन अळ्या खात्यात.

दर्शनी : मी तेव्हा विचारलं होतं, अप्पा, मग हे आपण मारलं का बगळ्यानं?

त्रिशला : आणि?

अप्पा : मी म्हटलं, दूध पी आणि झोप.

त्रिशला : पण यात नियम कुठं आला? उलट तुझी घागर चुकीची ठरली.

दर्शनी : मी काकांच्या बांधावर गेलतो, बघायला. माझे किती आलेत ते मोजायला. बाभळीखाली बादली होती. त्यात रॉकेलवर लाल ठिपके तरंगत होते.

अप्पा : हे मला न्हवतं सांगितलं.

दर्शनी : खूप होते, अप्पा. मी ठिपका दिला म्हणून अंधारात बॅटरीच्या उजेडात पटकन दिसायचे. काका म्हणाले, पोरी, तुझ्यामुळं आमचं काम सोपं झालं. चांगल्या मनानं म्हणाले ते.

त्रिशला : आणि नंतर आपण बाहुबलीला गेलो.

दर्शनी : हो.

अप्पा : त्रिशला, कुठंतरी कडंला घे. मला अंथऊ उरकू दे, दिवसाउजेडी जेवाय पायजे आणि दिवस बुडाय आला. डोळ्याला दिसत नसलं तरी अंगाला कळतंय.

त्रिशला : ते बंद हॉटेल आहे पुढं, तिथं झाड आहे. थांबा.

दर्शनी : भाकरी आहे, शेंगांची चटणी आणि...

अप्पा : दोडका.

दर्शनी : दोडकाच.

अप्पा : बरं हाय.

त्रिशला : पाणी घ्या. दर्शनी, तू पण खा. मी घरी जाऊन खाते.

अप्पा : घरी जाईस्तोवर अंधार पडंल.

त्रिशला : मी अंधारातही खाते, अप्पा. तुम्हाला माहीत आहे.

अप्पा : माहीत हाय. दर बारीला आपलं म्हणून बगायचं.

दर्शनी : आत्ती, तू रागावलीस का?

त्रिशला : नाही. विचार करतेय. अभिनंदनच्या दुकानात तू बसतेस ना सुट्टीत?

दर्शनी : कधीकधी. जयसिंगपूरला गर्दी असली की पप्पा बोलावतात.

त्रिशला : हुमणीचं औषध विकतेस?

दर्शनी : मी बिल करतो. बाटली पप्पा काढून देतात.

त्रिशला : म्हणजे बाटलीला हात लावत नाहीस.

दर्शनी : नाही.

अप्पा : ते अभिनंदनाचं त्याच्यापाशी हाय. पोरीवर कशाला घालतीस?

त्रिशला : घालत नाही. मला एवढंच विचारायचंय. त्या बाटलीत जे असतं, ते कोण तयार करतं, दर्शनी?

दर्शनी : कंपनी.

त्रिशला : कंपनीत कोण? माझे विद्यार्थी करतात. कितीतरी जण त्याच कामाला आहेत, गुजरातेत, महाडला, लोट्याला. चांगली पोरं आहेत. हुशारसुद्धा. त्यातल्या एकानंही कधी किडा मारलेला नाही. दिवसभर पांढरा कोट घालून बसतात आणि संध्याकाळी घरी जातात. तू रसायनशास्त्र घेतलंस तर तुझा नियम शाबूत राहील. तुझ्या हातानं काही मरणार नाही. टँकर भरून बाहेर जाईल.

दर्शनी : मी तसल्या कंपनीत जाणार नाही.

त्रिशला : मग कसल्या जाशील? कारखान्याच्या लॅबमध्ये? तिथं ऊस कुठून येतो? हेच औषध घातलेल्या रानातून.

दर्शनी : तूच म्हणालीस ना, रसायन घे. आता तूच...

त्रिशला : मी म्हणाले कारण मला वाटलं तुला हवंय. आणि दुसरं कारण तुला माहीत आहे. खोली रिकामी आहे. पण दरवर्षी माझ्या वर्गात निम्मी पोरं दुसऱ्या कशाला तरी घाबरून आलेली असतात. कुणी गणिताला, कुणी रक्ताला. मी शिकवते त्यांना. पास होतात. त्यांच्यातलं कुणी कधी तास संपल्यावर थांबून प्रश्न विचारत नाही. तू तशी माझ्या विषयात येऊ नकोस.

अप्पा : चटणी दे जरा.

दर्शनी : अप्पा, तुम्ही बोला की काहीतरी.

अप्पा : जेवताना काय बोलू?

दर्शनी : झालं की जेवण.

अप्पा : हे बग. नियम मोड म्हणून मी सांगणार न्हाय. महाराजांस्नी इचारून बदलता येतो, त्याला प्रायश्चित्त असतंय, पर ते तुजं तू बगायचं. मी नुसता शेजारी उभा हुतो. आणि नियमाच्या आडोशाला हितं बस म्हणूनबी मी सांगणार न्हाय.

दर्शनी : मग काय करू?

अप्पा : मी किती वर्षं घागर वाहिली?

दर्शनी : पुष्कळ.

अप्पा : मला वाटायचं, लई पुण्य करतोय. तू येक ठिपका दिलास आणि मला कळलं की मी शेजाऱ्याचा ऊस वाळवतोय. तू बगितलं न्हसतंस तर आजबी वाहिली असती. तुज्या त्या बाईंनी काय सांगितलं, आल्या-आल्या मारायचं हाय का?

दर्शनी : नाही. कधीतरी, म्हणाल्या.

अप्पा : मग ज्या दिशी यील त्या दिशी इचार कर. न आलेल्या दिवसाचं आजच कशाला रडायचं?

त्रिशला : आणि आला तो दिवस तर, अप्पा?

अप्पा : तवर ती मोठी झालेली असंल. आपल्यापेक्षा जास्त कळत असंल तिला. न मारता हुमणी हटवायची काय वाट हाय का, ते कुणी बगितलंय? रॉकेलवाल्यानं न्हाय बगितलं, घागरवाल्यानंबी न्हाय. जो ठिपका दील त्यालाच दिसंल.

दर्शनी : आणि तशी वाट नसलीच तर?

अप्पा : तर नसली. तेबी कुणीतरी नीट बगून सांगितलं पायजे. मी हात धुतो. पाणी वत.

त्रिशला : दर्शनी, फोन आहे ना तुझ्याकडं? इथं रेंज आहे.

दर्शनी : आहे.

त्रिशला : मग एक सीट सोड आणि एक पक्की कर. रात्रीची वाट बघू नकोस. रात्री ती साइट बंद पडते.

दर्शनी : माझ्यासाठी खोलीला रंग दिलास, आत्ती.

त्रिशला : रंग भिंतीला दिलाय. तो काही उडून जात नाही. सुट्टीला येशील तेव्हा झोप तिथं.

दर्शनी : दर सुट्टीला येतो.

त्रिशला : पहिल्या वर्षी येशील. धवलही यायचा.

दर्शनी : पप्पांना विचारू का आधी?

त्रिशला : अभिनंदनला मी सांगते. तो म्हणेल, पोरगी किड्यांची डॉक्टर झाली तर माझं दुकान बंद होईल. हसेल आणि दोन दिवसांनी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत सुटेल.

अप्पा : अंधारलं का?

दर्शनी : हो, अप्पा. मावळला.

त्रिशला : झालं का काम?

दर्शनी : चक्र फिरतंय नुसतं. थांब. झालं. कोल्हापूरची सोडली.

त्रिशला : बरं.

दर्शनी : पुण्याची पक्की झाली. मेसेज आला.

अप्पा : हे वर काय वाजतंय? पाल्यात?

दर्शनी : भुंगेरे आलेत, अप्पा. कडुलिंब आहे हा.

त्रिशला : काचा वर करा. आत येतील.

दर्शनी : आलाय एक. अप्पांच्या बाहीवर.

त्रिशला : झटकू नका, अप्पा.

अप्पा : मी कवा झटकलाय? दर्शनी, पाठीवर ठिपका हाय का बग.

दर्शनी : अप्पा, हे एकच हंगाम जगतात. ते कधीच संपले.

अप्पा : ठावं हाय मला. मला दिसंना म्हणून सांगतोय. बग.

दर्शनी : नाही. कोरा आहे. आत्ती, तुझ्याकडं नेलपॉलिश आहे?

त्रिशला : पर्समध्ये, पुढच्या कप्प्यात. आणि या वेळी झाकण लावून परत ठेव.